चौथी आलेली आणि बाहेर काढलेली

गेल्या अंकात मुलींच्या उशिरा येणाऱ्या पाळीबद्दल लिहिताना इंटरसेक्स खेळाडूंचा, म्हणजे जन्मतःच ज्यांच्या शरीराची घडण स्त्री किंवा पुरुष या नेहमीच्या साच्यात बसत नाही अशांचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींत केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्या पत्रांनाच द्यायचं ठरवलं. मी संप्रेरकांची डॉक्टर. पदक थोडक्यात हुकलेल्या मुली माझ्याकडे येतात, तशाच हातातल्या तपासणी अहवालाकडे बघत सुन्न बसलेल्या मुलीही येतात. पत्रं थोडक्यात देते आहे, नावं कोणाचीच देत नाही.

*मी ८०० मीटर धावते, वय २१. रिओ ऑलिंपिकची २०१६ची अंतिम शर्यत मी कितीदा तरी पाहिली आहे. पदक मिळवणाऱ्या तिघी पुढे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाबद्दलच्या नव्या नियमांत अडकल्या, पण चौथी आलेल्या मेलिसा बिशपला त्याचं काय? आम्ही काही बोललो की आम्हालाच निर्दयी म्हणतात. डॉक्टर, आडपडदा न ठेवता सांगा, अशा मुलींना फायदा असतो की नसतो?*

असतो. तुला गोलगोल उत्तर देणार नाही.

प्रौढ स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ०.१२ ते १.७९ नॅनोमोल प्रतिलिटर असतं, पुरुषांच्या रक्तात ७.७ ते २९.४. हे दोन पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात फारसा फरक नसतो. वयात आल्यावर मुलाचे स्नायू भरतात, हाडं लांब होतात, हिमोग्लोबिन वाढतं आणि अव्वल दर्जाच्या शर्यतींत १० ते १२ टक्क्यांचं अंतर पडतं. स्वीडनमधला एक प्रयोग २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ निरोगी तरुणींपैकी निम्म्यांना १० आठवडे टेस्टोस्टेरॉनचं मलम दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं. औषध मिळालेल्यांची पातळी ०.९ वरून ४.३ वर गेली, म्हणजे पुरुषांच्या पट्ट्याच्या खालीच राहिली. तरी दमून थांबेपर्यंत त्या ट्रेडमिलवर ८.५ टक्के जास्त वेळ धावल्या.

आता इंटरसेक्स स्त्रियांबद्दल. हा एकच एक प्रकार नव्हे, हे आधी लक्षात घे. ज्यांच्याबद्दल वाद आहे त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात अंडाशयाऐवजी वृषण असतात, पोटात किंवा जांघेत दडलेले. ते पुरुषाइतकंच टेस्टोस्टेरॉन बनवतात. एका प्रकारात, ५-अल्फा रिडक्टेजच्या कमतरतेत, टेस्टोस्टेरॉनचं पुढचं रूप तयार करणारं विकर कमी पडतं. गर्भात बाहेरची पुरुषी जननेंद्रियं घडतात ती त्या पुढच्या रूपामुळे. ते नसलं की बाळ मुलीसारखं दिसतं, दाई किंवा डॉक्टर मुलगी झाल्याचं सांगतात आणि ते बाळ मुलगी म्हणूनच वाढतं. मात्र स्नायूंना आणि रक्ताला टेस्टोस्टेरॉन जसंच्या तसं चालतं. वयात येताना त्या मुलीला त्याचा परिणाम मिळतोच. म्हणून तुझ्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणू शकत नाही.

पण फायदा नेमका किती, हे विचारलंस तर मी सावध होईन. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने २०१८मध्ये ४०० मीटरपासून १ मैलापर्यंतच्या शर्यतींसाठी ५ नॅनोमोलची मर्यादा घातली. आधार होता महासंघाशीच जोडलेल्या संशोधकांच्या २०१७च्या अभ्यासाचा. त्यातल्या आकड्यांतल्या चुका बाहेरच्या अभ्यासकांनी दाखवून दिल्या. २०२१मध्ये लेखकांनीच दुरुस्ती छापली : या अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि आमच्या विधानामुळे गैरसमज होऊ शकला असता. शिवाय त्याच अभ्यासात हातोडाफेक आणि बांबू उडी यांतही फरक दिसला होता, तरी ते प्रकार नियमातून वगळले. १५०० मीटरमध्ये तसा फरक दिसला नव्हता, तरी ती शर्यत नियमात आली. मुलींच्या आयुष्यावर उठणारा नियम इतक्या ढिसाळ पायावर उभा करायचा नसतो.

तुझ्या रागाबद्दल एक सांगते. रिओत कॅस्टर सेमेन्या १:५५.२८, फ्रान्सीन नियोनसाबा १:५६.४९, मार्गारेट वाम्बुई १:५६.८९. बिशपने १:५७.०२ अशी कॅनडाच्या राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिली आणि ती चौथी आली. कांस्यपदक ०.१३ सेकंदाने गेलं. तिचं दुःख खरंच आहे. पण त्या दिवशी कोणतीही मर्यादा लागू नव्हती. २०११मध्ये १० नॅनोमोलची मर्यादा आली, २०१५मध्ये भारतीय धावपटू द्युती चंदच्या अपिलावर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती स्थगित केली, पुढची २०१८मध्ये आली. रिओची शर्यत नेमकी या दोहोंच्या मधली. पहिल्या तिघी नियमाच्या चौकटीतच धावल्या, बिशपही. नियम करणाऱ्यांनी आधी घाईने नियम केला, मग तो पुराव्याअभावी गमावला आणि चौघींनाही भर मैदानात एकमेकींसमोर उभं करून सोडलं. तुझा राग त्यांच्यावर असू दे. बोलूही जरूर. ‘आमच्या गटाची सीमा स्पष्ट हवी’ हे म्हणण्यात निर्दयपणा नाही. शेजारच्या लेनमधल्या मुलीला ‘हा बाप्या आहे’ म्हणण्यात आहे. आणि ते म्हटलं जातं, मी मैदानावर माझ्या कानांनी ऐकलं आहे.

*फेल्प्सचे हात लांब म्हणून त्याला कुणी पोहण्यापासून रोखलं नाही. मग निसर्गानेच दिलेल्या टेस्टोस्टेरॉनवर बंदी का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी*

तुझ्या बाजूचं याहून चांगलं उदाहरण मीच देते. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरांटा याने ऑलिंपिकमध्ये ७ पदकं मिळवली. त्याच्या घराण्यात एक जनुकीय बदल होता, त्यामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असत. त्याची पदकं कुणी काढून घेतली नाहीत, आणि ते योग्यच झालं.

तरी हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. आखूड हातांच्या जलतरणपटूंचा वेगळा गट नसतो, कमी तांबड्या पेशींच्या स्कीपटूंचाही नसतो. स्त्रियांचा गट मात्र असतो. तो आहे तोच मुळी पुरुषी वयात येण्याचा परिणाम बाजूला ठेवण्यासाठी. तो परिणाम ‘निसर्गाची आणखी एक देणगी’ म्हणून सोडून दिला तर हा गट का ठेवायचा, याला उत्तरच उरत नाही.

तुझ्या म्हणण्यातला दुसरा भाग मात्र मी दोन्ही हातांनी स्वीकारते : या मुलींनी काही चोरलेलं नाही. सुई टोचून घेणारी खेळाडू आणि स्वतःच्याच शरीरासह धावणारी खेळाडू यांच्याबद्दल एकाच भाषेत बोलायचं नाही. क्रीडा लवादाने २०१९मध्ये सेमेन्याच्या विरोधात दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे की हा नियम भेदभाव करणाराच आहे, फक्त स्त्रियांचा गट राखण्यासाठी तो आवश्यक आणि प्रमाणात आहे. औषधांच्या दुष्परिणामांबद्दल आणि पातळी सतत मर्यादेखाली ठेवणं जमेल का याबद्दल लवादाने शंकाही नोंदवली होती. मर्यादा पाळण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनी वजन वाढायचं, सतत मळमळायचं, पोटात दुखायचं, असं सेमेन्याने सांगितलं होतं. तरी २०२३मध्ये मर्यादा ५ वरून २.५ वर आणली, मर्यादेखाली राहण्याची मुदत ६ महिन्यांऐवजी २४ महिने केली आणि मैदानी खेळांचे सगळे प्रकार त्यात घेतले. जुलै २०२५मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाने म्हटलं की स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने सेमेन्याचं लवादाच्या निकालाविरुद्धचं अपील पुरेशा काटेकोरपणे तपासलं नाही, तिच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग झाला. नियम चूक की बरोबर, हे त्या निकालाने ठरलेलं नाही, हेही वाचताना विसरू नकोस.

*मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. आता गालाच्या आतून नमुना घेऊन एकदाच जनुकाची चाचणी करणार, असं वाचलं. सोपी, स्वच्छ, आयुष्यात एकदाच. आपण डॉक्टर मंडळी त्याला विरोध का करता?*

सर, सरसकट विरोध मी करत नाही. पण ही चाचणी सोपी असल्याचं ऐकलं की मला मागचा इतिहास आठवतो, कारण प्रत्येक वेळी हेच सांगितलं गेलं.

१९६६मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत खेळाडू मुलींना विवस्त्र करून डॉक्टरांसमोर उभं केलं. पोलंडची धावपटू इवा क्लोबुकोव्स्का ती तपासणी उत्तीर्ण झाली. पुढच्याच वर्षी कीव्हमध्ये गुणसूत्रांच्या चाचणीत तिला नापास ठरवलं आणि तिची कारकीर्द संपली. नंतर तिला मूल झालं. १९६८च्या ऑलिंपिकपासून गालाच्या पेशी रंगवून बघायची पद्धत आली, तीही ‘सोपी आणि सभ्य’ म्हणून.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ पतिन्यो हिचं प्रकरण तर प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत हवं. १९८३मध्ये हेलसिंकीला ती चाचणी उत्तीर्ण झाली, दाखलाही मिळाला. १९८५मध्ये जपानमध्ये कोबे इथल्या विद्यापीठ स्पर्धेला जाताना तो दाखला घरी राहिला. पुन्हा चाचणी झाली, सहसा पुरुषांत आढळणारी एक्सवाय गुणसूत्रं निघाली. तिला दुखापतीचं सोंग करायला सांगितलं. पुढच्या वर्षी ती माघार न घेता राष्ट्रीय स्पर्धेत धावली आणि बातमी फुटली. वसतिगृहातली जागा गेली, शिष्यवृत्ती गेली, नावावरचे विक्रम पुसले, ठरलेलं लग्न मोडलं. आणि फायदा? शून्य. तिला पूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता होती. वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात, पण शरीरातली एकही पेशी त्याला दाद देत नाही. केंद्रावरून कार्यक्रम चालू आहे पण घरातला रेडिओच नादुरुस्त, असं समजा. अशा शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोग सर्वसाधारण स्त्रीपेक्षाही कमी. तीन वर्षांनी, १९८८मध्ये, तिला परत घेतलं. तोवर ऐन उमेदीचा काळ गेला होता.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ स्त्रियांची तपासणी झाली. आठ जणी वेगळ्या निघाल्या. सात जणींत अँड्रोजन असंवेदनशीलता होती, पूर्ण किंवा अंशतः. आठवीला ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता होती आणि तिचे वृषण आधीच काढलेले होते. आठही जणींना खेळू दिलं. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला आणि १९९९मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट तपासणी थांबवली.

सप्टेंबर २०२५पासून मैदानी खेळांत ती परत आली, या वेळी एसआरवाय नावाच्या जनुकावर. गर्भात वृषण घडवण्याची सुरुवात हे जनुक करतं. नमुना घेताना कापसाची काडी गालाच्या आत काही सेकंद फिरवायची, बस्स. पण हे जनुक पुढे काय झालं ते सांगत नाही. वृषण काम करतात का, टेस्टोस्टेरॉन किती, शरीर त्याला दाद देतं का, यातलं काहीही त्या काडीवर नसतं. १९९०मध्ये हे जनुक शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला जाहीर विरोध केला. नमुना हाताळणाऱ्या पुरुष तंत्रज्ञाच्या त्वचेच्या पेशी मिसळल्या तरी चाचणी चुकीची ‘सापडलं’ म्हणू शकते, हा धोकाही त्यांनी दाखवला. जनुक सापडलं की नव्या नियमात स्त्रियांच्या गटात जागा नाही. पूर्ण असंवेदनशीलतेला त्यात सूट आहे, हे मान्य. पण सूट मिळेपर्यंतच्या तपासण्या, वाट बघणं आणि कुजबुज त्या मुलीलाच सोसावी लागते.

म्हणून माझी अट अशी. चाचणी करायचीच असेल तर मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर नको. मुलगी वरच्या पातळीवर येऊ लागली की तिच्या डॉक्टरांमार्फत, आधी नीट समजावून, आणि जनुक सापडलंच तर दुसरा नमुना आणि संपूर्ण वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय कागद कोणत्याही संघटनेच्या टेबलावर जाता कामा नये. हा खर्च आणि हे काम संघटनेचं, मुलीच्या घरच्यांचं नव्हे.

*मला पीसीओएस, म्हणजे अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड, आहे, टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त आहे. मीही अपात्र ठरेन का?*

नाही. पीसीओएसमधली वाढ पुरुषांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचत नाही, २०१८च्या नियमातच ती स्पष्टपणे वगळली होती, आणि जनुकाच्या चाचणीत तुमच्या नमुन्यात काहीही सापडणार नाही. निश्चिंतपणे धावा.

*पुरुषच स्त्रीचा वेष घेऊन पदकं पळवतात, हे तुम्ही का लिहीत नाही? आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधली ती मुष्टियोद्धा स्त्री होती की पुरुष, एकदा सांगून टाका.*

पहिल्यासाठी नेहमी एकच नाव पुढे केलं जातं, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये उंच उडीत चौथ्या आलेल्या जर्मन डोरा राटयेनचं. १९३८मध्ये पोलिसांनी पकडल्यावर जे कागद तयार झाले त्यांतून दिसतं ते असं : जन्माच्या वेळी सुइणीचाच गोंधळ झाला आणि बाळाला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. म्हणजे वेषांतराचा म्हणून सांगितला जाणारा तो दाखलाही शेवटी जन्मतः वेगळ्या शरीराचाच निघतो. ट्रान्सजेंडर खेळाडूंचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. तो यात मिसळला की दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो.

दुसऱ्याचं उत्तर मी देणार नाही. टीव्हीवर जबडा आणि खांदे बघून मी कुणाचंही निदान करत नाही, तुम्हीही करू नका.

*माझी मुलगी १६ वर्षांची आहे, ४०० मीटर धावते, राज्याच्या संघात आहे. पाळी आली नाही म्हणून दाखवलं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही म्हणाले आणि रक्ताच्या अहवालात ४६ एक्सवाय लिहिलं आहे. डॉक्टरांनी ‘गाठी काढून टाका, म्हणजे खेळाचाही प्रश्न मिटेल’ असं सांगितलं. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. अहवाल कपाटात कुलपात ठेवला आहे. मी काय करू? – एक आई*

ताई, पहिली गोष्ट. तुमची मुलगी मुलगीच आहे. अहवालाने तिच्यातलं काहीही बदललेलं नाही. शरीर आतून कसं घडलं, एवढंच त्यात लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेची तारीख घेतली असेल तर ती पुढे ढकला. उद्याच फोन करा.

आता सावकाश सांगते. ४६ एक्सवाय एवढ्यावरून निदान होत नाही. त्याच्या मागे किमान दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. माझ्याकडे येणाऱ्या काही मुली उंच असतात, छातीची वाढ नीट झालेली असते, काखेत आणि जांघेत केस जवळजवळ नसतात, चेहऱ्यावर एकही मुरूम नाही. लहानपणी हर्निया झाला होता का, असं विचारलं की आई म्हणते, ‘हो, दोन्ही बाजूंना, तुम्हाला कसं कळलं?’ हे सगळं जुळलं तर पूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलतेची शक्यता मोठी. दुसऱ्या प्रकारात वयात येताना आवाज घोगरा होतो, छाती वाढत नाही, अंगावर केस येतात, स्नायू दिसू लागतात. तिथे शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देत असतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून मी अंदाज बांधणार नाही. संप्रेरकांच्या तपासण्या, एमआरआय आणि जनुकीय तपासणी एकाच ठिकाणी होईल, तिथे संप्रेरकतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ आणि समुपदेशक तिघेही एकत्र बसतील, असं मोठं रुग्णालय गाठा.

गाठी म्हणजे आतले वृषण. पूर्ण असंवेदनशीलतेत वयात येईपर्यंत त्यांत कर्करोग होण्याचा धोका कमी असतो, त्यामुळे बरेचदा मुलगी सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबतात आणि लक्ष ठेवतात. इतर प्रकारांत धोका वेगळा असतो, म्हणून आधी निदान हवं. शिवाय याच वृषणांतल्या टेस्टोस्टेरॉनपासून तिच्या शरीरात इस्ट्रोजेन बनतं, हाडं त्यावर भरतात. ते काढले तर पुढे वर्षानुवर्षं बाहेरून इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. हा निर्णय तिच्या तब्येतीसाठी घ्यायचा असतो. ‘खेळाचा प्रश्न मिटेल’ हे कारण वैद्यकीय नव्हे, आणि ते ऐकून माझा जीव कासावीस झाला, कारण हे पूर्वी घडलेलं आहे.

२०१३मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. विकसनशील देशांच्या ग्रामीण, डोंगराळ भागांतल्या १८ ते २१ वर्षांच्या चार खेळाडू तपासणीसाठी त्यांच्याकडे पाठवल्या होत्या. चौघींनाही ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता होती. वृषण तसेच राहिल्याने त्यांच्या तब्येतीला धोका नव्हता, असं निबंधातच नमूद आहे. तरी चौघींचे वृषण काढले, आणि त्याबरोबर बाह्य जननेंद्रियाचा संवेदनशील भागही कापला. धावण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. युगांडाची ८०० मीटर धावपटू ॲनेट नेगेसा हिच्यावर २०१२मध्ये शस्त्रक्रिया झाली. साधा उपचार असल्याचं सांगितलं होतं, शुद्धीवर आल्यावर पोटावर टाके दिसले, असं तिने २०१९मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर तिला पूर्वीसारखं धावता आलं नाही. म्हणून ताई, कुणीही पांढऱ्या कोटातला माणूस खेळाच्या नावाखाली कात्री चालवायला सांगत असेल, तर तिथून उठून या.

खेळाचं. पूर्ण असंवेदनशीलता निघाली तर आजच्या नियमांनीही तिला स्त्रियांच्या गटात धावता येतं. तज्ज्ञांचे कागद व्यवस्थित लावून ठेवा, म्हणजे झालं. दुसरा प्रकार निघाला तर जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत आजच्या नियमांनी तिला स्त्रियांच्या गटात जागा मिळणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तिला ते ऐनवेळी, शर्यतीआधी खेळाडू जमतात त्या कॉल रूममध्ये कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

त्यासाठी आधी तिला अहवाल सांगायला हवा. कपाटाचं कुलूप आजच काढा. सोळाव्या वर्षी मुली सगळं शोधून काढतात, आणि आईने लपवलं याचा अर्थ त्या ‘माझ्यात काहीतरी घाणेरडं आहे’ असाच लावतात. एका बैठकीत सगळं सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी एवढं पुरे : तुला गर्भाशय नाही, त्यामुळे पाळी येणार नाही, तुझी गुणसूत्रं बहुतेक मुलींपेक्षा वेगळी आहेत, अशा मुली जगभर आहेत, आणि आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत. ती बहुधा आधी विचारेल, ‘मला मूल होणार नाही का?’ त्याला खोटी आशा दाखवू नका आणि घाईने ‘दत्तक घेता येतं’ असंही म्हणू नका. तिला रडू द्या. दुसरा प्रश्न येईल, ‘मी धावू शकते ना?’ सरावाला ती आजही जाऊ शकते, हे लगेच सांगा.

प्रशिक्षकांना काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. आणि जनुकाच्या चाचणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : अहवाल कोणाकोणाला दिसणार, नमुन्याचं नंतर काय करणार, आणि ती सध्या थांबायचं म्हणाली तर ‘नापास’ अशी नोंद होणार का. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मला पुन्हा लिहा, अहवालाच्या प्रतीसह. तो या पानावर येणार नाही.

*आमच्या क्लबची एक मुलगी वैद्यकीय कारणावरून निवडीतून वगळली गेली. वार्ताहर फोन करताहेत. क्लबने काय जाहीर करावं? – क्लबचे सचिव*

‘ती या स्पर्धेत धावत नाही.’ एवढंच. त्यापुढे एक अक्षर नको. ‘वैद्यकीय कारण’ हेही नको, कारण त्या दोन शब्दांवरून पुढचं सगळं लोक स्वतःच रचतात. दुखापतीचं खोटं कारणही नको, पतिन्योला तेच करायला लावलं होतं.

२००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारताच्या शांती सौंदरराजनने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं आणि तिच्या शरीराची बातमी जगभर झाली. पुढच्या वर्षी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. नंतर वीटभट्टीवर मजुरी करावी लागली, पुढे ती प्रशिक्षक झाली. पदकाचा निर्णय बरोबर होता की चूक यावर वाद घाला, पण चाचणीचं कारण गावभर करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

तुमच्या क्लबमध्ये हे कारण किती जणांना माहीत आहे, ते आजच पाहा. दोघांपेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाशी स्वतः बोला. कार्यालयात तिच्या अहवालाची प्रत असेल तर ती बंद पाकिटात तिच्या पालकांना परत द्या आणि संगणकावरची फाइलही पुसा. तिची मैदानावरची वेळ, वसतिगृहातली खाट, आहारभत्ता, काहीही बंद करू नका. हा नियम कोणत्या स्पर्धांना लागू होतो आणि कोणत्यांना होत नाही, याची यादी संघटनेकडून लेखी मागवा. जिथे लागू नाही तिथे, तिची इच्छा असेल तर, तिचं नाव नोंदवा. ती यादी घेऊन तुम्ही स्वतः तिच्या घरी जा, फोनवर उरकू नका.